घायपाताचा उंच खांब: मांजरांच्या नखांपासून सोफा वाचवताना आलेला अनुभव, पावसाळ्यासकट

मांजरांना नखे घासण्यासाठी घायपाताचा, म्हणजे सिसलचा, दोर गुंडाळलेला उभा खांब गेल्या मे महिन्यापासून आमच्या घरात आहे. पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि त्यानंतरची थंडी हे सगळे त्याने सोसले असल्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते. घर मुलुंडला, चौथ्या मजल्यावर, वन बीएचके. माणसे चार आणि मांजरे दोन. चिंगी ही वयाने मोठी देशी मांजर, तर बंड्या हा दोन वर्षांचा बोका. सोफा सासऱ्यांनी फार पूर्वी करून घेतलेला, सागवानी चौकटीचा, आणि त्याच्या हातांवरचे कापड चिंगीने इतके ओरबाडले होते की आतला काथ्या दिसू लागला होता. या खांबाने सोफा वाचवला, मात्र खांबाची उंची, त्याचे वजन आणि त्याची जागा या तिन्ही गोष्टी जमल्यावरच. त्यातही जागा सर्वांत महत्त्वाची, आणि मुंबईच्या घरात नेमकी तीच देणे जड जाते.

मांजर सोफा ओरबाडते ते खोडसाळपणाने किंवा सूड म्हणून, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि सगळे उपाय त्यामुळेच चुकतात. तिच्या पंजांच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. नखे घासताना त्यांतला वास त्या जागी उतरतो आणि शिवाय डोळ्यांना दिसेल अशी खूणही राहते, म्हणजे ही जागा आपली आहे हे ती दोन प्रकारे नोंदवते. नखांवरची जुनी टरफले निघून खालचे धारदार नख मोकळे होते, हा दुसरा हेतू. सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीच्या आकाराची जी पातळ, पोकळ टरफले सापडतात, ती हीच. तिसरे कारण शरीराचे आहे: झोपेतून उठल्यावर पुढचे पाय उंच रोवून ती पाठ आणि खांदे ताणून घेते, आणि त्यासाठी तिला न हलणारा आधार लागतो. ही मांजराची गरज असल्यामुळे ती ओरडून किंवा मारून बंद होत नाही. पाण्याचा फवारा मारणाऱ्यांच्या घरी मी पाहिले आहे की मांजर माणूस समोर असेपर्यंत थांबते, माणूस स्वयंपाकघरात गेला की पुन्हा सुरू करते, आणि मध्यंतरी तिचा त्या माणसावरचा विश्वास तेवढा उडालेला असतो.

आमचा पहिला खांब ऑनलाइन मागवलेला तयार खांब होता. दिसायला सुबक, वर लोंबता गोंडा, उंची जेमतेम दीड फूट आणि तळफळी जेवणाच्या ताटाएवढी. चिंगीने एकदा त्यावर पंजे टाकले, खांब तिच्या अंगावर कलला, आणि त्यानंतर ती त्याच्या जवळून जातानासुद्धा वळसा घालू लागली. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त खांब असेच आहेत. माणसाच्या डोळ्याला ते खेळण्यासारखे गोड दिसतात, पण मांजर पूर्ण ताणली की तिचे पंजे त्या खांबाच्या माथ्याच्याही वर जातात. तिला अंग ताणता आले नाही तर तो खांब तिच्या काही कामाचा नाही, आणि सोफ्याचा हात मात्र बरोबर त्या उंचीचा आणि अजिबात न हलणारा असतो. खांब घेणाऱ्याने आधी आपल्या मांजराला भिंतीपाशी ताणताना पाहावे आणि पंजे जिथवर पोहोचतात त्याहून थोडी जास्त उंची धरावी. मोठ्या मांजरासाठी ती ८० ते ९० सेंटिमीटर भरते.

मग आम्ही खांब घरीच करून घेण्याचे ठरवले. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची दोन फूट बाय दोन फूट तळफळी, आणि मस्जिद बंदरहून आणलेला ८ मिलिमीटरचा घायपाताचा दोर, एवढे सामान लागले. सोसायटीत काम करणाऱ्या सुताराने पाइपाच्या आत बसेल असा लाकडी ठोकळा आधी तळफळीवर खालून स्क्रूने पक्का केला आणि मग पाइप त्यावर चढवून बाजूने स्क्रू मारले. पाइपाच्या तळाशी आम्ही वीतभर वाळू भरून वरून बूच ठोकले, त्यामुळे वजन खालच्या बाजूला आले. बंड्या दुरून धावत येऊन त्यावर झेप घेतो तेव्हाही तो कलत नाही.

दोर किती लागेल याचा हिशेब आधी करावा, कारण मध्येच दोर संपला की जोड येतो आणि जोडाच्या गाठीत नख अडकते. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर असतो. त्यावर ८ मिलिमीटरचा दोर बसला की एका वेढ्याला सुमारे ३७ सेंटिमीटर दोर जातो. ८० सेंटिमीटर उंची झाकायला असे शंभर वेढे लागतात, म्हणजे ३७ मीटर. वर-खाली बांधायला धरून ४० मीटर घ्यावा. गोंद फक्त पहिल्या आणि शेवटच्या काही वेढ्यांना लावावा आणि मधले सगळे वेढे ताण देऊन, एकमेकांना चिकटवून ओढून घ्यावेत. हे काम दोघांनी करायचे आहे, एकाने पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने दोर ताणून धरायचा. हातमोजे घालणे आवश्यक आहे, कारण घायपाताची कुसे हातात शिरतात. नायलॉनचा दोर स्वस्त असला तरी गुळगुळीत असतो आणि नखाला त्यात पकड मिळत नाही. तागाची सुतळी मऊ असते आणि तिचा लवकर भुगा होतो. काथ्याचा दोर फार राठ. चिंगीने तो हुंगून सोडून दिला. घायपाताचा दोर राठ आहे पण काथ्याइतका बोचरा नाही, आणि नख आत शिरून सरळ खाली ओढले जाते, म्हणून मांजराला तो आवडत असावा असे मला दिसते.

आता जागेविषयी. आपल्या घरांत खांबासाठी सुचणारी जागा म्हणजे दाराआडचा कोपरा, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनची बाजू किंवा पलंगाच्या मागची फट. जिथे तो दिसणार नाही आणि पायात येणार नाही. आमच्या घरातही सर्वांचे तेच म्हणणे होते आणि खांब काही दिवस बाल्कनीत उभा होता. त्या काळात सोफ्याचे ओरबाडणे तसूभरही कमी झाले नाही. मांजर खूण करते ती घरातल्या सर्वांच्या नजरेत येईल अशा जागी. कोपऱ्यात खूण करून तिला काय मिळणार? म्हणून ती नेमकी कुठे आणि कधी ओरबाडते हे मी लक्ष देऊन पाहू लागले. आमच्या सोफ्याचा उजवा हात खिडकीलगत आहे. सकाळी जाळीबाहेरच्या कठड्यावर कबुतरे येऊन बसली की चिंगीचा जबडा थरथरू लागतो, ती तोंडातल्या तोंडात बारीक कटकट असा आवाज काढते, शेपटीचे टोक हलते, आणि कबुतरे उडून गेली की ती वळून थेट सोफ्याच्या हातावर दोन्ही पंजे रोवते. दुसरी वेळ संध्याकाळची, घरातले कोणी कामावरून परतले की दारापासून सोफ्यापर्यंत धावत येऊन. दोन्ही वेळा तिच्या अंगात उत्साह भरून आलेला असतो आणि तो ती सर्वांत जवळच्या भक्कम वस्तूवर मोकळा करते.

हे लक्षात आल्यावर खांब सोफ्याच्या उजव्या हाताला टेकवून, खिडकीसमोर, म्हणजे आमच्या दिवाणखान्याच्या अगदी दर्शनी भागात ठेवला. सासूबाईंना ते सुरुवातीला मुळीच पटले नाही. पाहुणे आले की पहिली नजर त्या खांबावर जाते आणि प्रत्येक वेळी खुलासा करावा लागतो, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. दहा बाय पंधराच्या खोलीत दोन फुटांची तळफळी म्हणजे एका माणसाची बसायची जागा जाते. परंतु खांब तिथे गेला आणि त्याच आठवड्यात चिंगीने कबुतरांनंतरची पहिली नखे त्यावर घासली. महिनाभरात सोफ्याचा उजवा हात तिने पूर्ण सोडला. पुढे खांब थोडा थोडा सरकवत भिंतीकडे नेला. एका वेळी वीतभर, आणि ती खांबाकडे येत राहते आहे हे पाहूनच पुढची वीत. आता तो सोफा आणि खिडकी यांच्या मधल्या कोनात आहे आणि यापुढे सरकवायचा नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण त्याहून दूर नेताच ती पुन्हा सोफा हुंगू लागली होती.

सवय लावताना तिचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नयेत. बरेच जण तसे सांगतात, पण धरलेले पाय कोणत्याच मांजराला आवडत नाहीत आणि त्या जागेशी तिची अप्रिय आठवण जोडली जाते. आम्ही दोरीला बांधलेले पीस खांबावरून खालून वर ओढत नेत असू. ते पकडताना तिची नखे आपोआप दोरात रुतत. खांब वापरला की लगेच उकडलेल्या माशाचा किंवा कोंबडीचा लहानसा तुकडा. सुके बोंबील मांजरांना कितीही आवडत असले तरी खारवलेले सुके मासे या कामासाठी वापरू नयेत, त्यांतले मीठ त्यांना सोसत नाही.

बंड्याची गोष्ट वेगळी निघाली. त्याला उभ्या खांबाचे फारसे प्रेम नाही. तो उड्या मारायला खांब वापरतो आणि नखे मात्र आडवी, जमिनीसरशी घासतो. त्याच्या तावडीत सापडलेल्या वस्तू म्हणजे पायपुसणी, सतरंजी आणि सोफ्याच्या बैठकीची पुढची कडा. मांजराची आवड उभी की आडवी हे ओरबाडलेल्या जागेवरच कळते, त्यामुळे खर्च करण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. त्याच्यासाठी पन्हळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून केलेला आडवा पाट आणला आणि तो त्याने पहिल्याच दिवशी आपलासा केला. पुठ्ठ्याचा भुगा घरभर होतो, रोज केर काढावा लागतो, आणि पाट दोन-तीन महिन्यांत पोकळ होतो. उलटून दुसरी बाजू वापरता येईल असाच पाट घ्यावा.

पावसाळ्याने मात्र आमच्या या व्यवस्थेची परीक्षा घेतली. जुलैमध्ये पुठ्ठ्याचा पाट ओलसर हवेने मऊ पडला, त्याला कुबट वास येऊ लागला आणि खालच्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसले. तो तत्काळ टाकून दिला. पावसाळ्यापुरता पर्याय म्हणून आम्ही प्लायवूडच्या फळीवर तोच घायपाताचा दोर शेजारी शेजारी ओळीने चिकटवला आणि तो बंड्याने स्वीकारला. उभ्या खांबाचा दोर दमट हवेत फुगून अधिकच घट्ट बसला, आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी होताच तो सैल पडून वेढे खाली घसरू लागले. हे नैसर्गिक दोराच्या स्वभावातच आहे, त्यामुळे पावसाळा संपल्यावर एकदा वेढे खाली दाबून, वर नवे दोन-तीन वेढे घालून टोक पुन्हा पक्के करावे लागते. खिडकीतून पावसाची झड येत असेल तर खांब त्या दिवसांत दोन हात आत ओढावा. भिजलेला दोर वाळायला फार वेळ घेतो.

आवाजाचाही उल्लेख करायला हवा. पहाटे फरशीवर तळफळी खटखट करते आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाते. आमच्या खालच्या शेजाऱ्यांनी ते फार सौजन्याने सांगितले. तळफळीखाली जुन्या योगासनांच्या चटईचा तुकडा चिकटवल्यावर आवाज थांबला आणि खांबाचे सरकणेही थांबले.

खांबाला जोड म्हणून सोफ्याचे संरक्षण काही काळ करावेच लागते, कारण जुन्या जागेवर तिचा वास असतो. पारदर्शक प्लास्टिकची चिकट पाने मिळतात, ती सोफ्याच्या हातांवर लावली. गुळगुळीत पृष्ठभागावर नख रुतत नाही म्हणून मांजर तिथून निघून जाते. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टीही उपयोगी पडते, पण मुंबईच्या दमट उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळून कापडाला लागला आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ तयार झाली, म्हणून ती पट्टी कापडावर फार दिवस ठेवू नये. पिना टोचून बसवायची पाने रेक्झिनच्या सोफ्याला लावू नयेत, भोके कायमची राहतात. खांबाशिवाय नुसती ही पाने लावली तर मांजर शेजारच्या खुर्चीकडे वळते, हे दोन परिचितांच्या घरी घडलेले मी पाहिले आहे.

वासाच्या उपायांबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. मांजर फिरकू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवा, फिनाइलचा बोळा फिरवा, निलगिरीचे तेल शिंपडा, संत्र्याच्या सालीचे तेल लावा, असे सल्ले इमारतीत सर्रास दिले जातात. हे पदार्थ मांजरांना विषारी आहेत. अशी रसायने शरीराबाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात सहज होते, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. शिवाय ती सतत पंजे आणि अंग चाटत असल्यामुळे पायाला लागलेले सगळे पोटात जाते. कृपा करून यांतले काहीही वापरू नये.

मांजराला खांबाकडे ओढणाऱ्या वासांपैकी कॅटनिप ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आता पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. त्यातल्या नेपेटालॅक्टोन या घटकाचा परिणाम साधारण दोन तृतीयांश मांजरांवर होतो आणि तो गुण आनुवंशिक असतो. आमच्याकडे बंड्या त्यावर लोळला, चिंगीने ढुंकूनही पाहिले नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीलगत उगवणाऱ्या खोकलीच्या मुळीचेही मांजरांना असेच वेड असते. ती मुळी मी दोरावर घासून उचलून ठेवली, खाऊ दिली नाही, आणि पाव तासासाठी चिंगी खांबाला गाल घासत राहिली. सवय लागण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत एवढी मदत पुरेशी असते, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

नखांची टोके कापणे हा दुसरा आवश्यक भाग. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात; ओरबाडणारी पुढची दहा महत्त्वाची. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येते आणि त्यात गुलाबी जिवंत भाग दिसतो. त्याच्या पुढचे पांढरे टोकच कापायचे, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आणि झोपाळलेल्या मांजराची एका बैठकीत तीन-चारच नखे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. कापलेल्या नखांनी ओरबाडले तरी कापडाचे धागे ओढले जात नाहीत, एवढा फरक पडतो. पशुवैद्याकडे लसीसाठी जाल तेव्हा एकदा त्यांच्याकडून पाहून घ्यावे.

नखे कायमची काढून टाकता येतात का, असा प्रश्न मला लिफ्टमध्ये आणि लग्नसमारंभांतही विचारला गेला आहे. त्या शस्त्रक्रियेत नख उपटत नाहीत, तर प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड नखासह कापतात. ब्रिटनमध्ये २००६च्या प्राणी कल्याण कायद्याखाली ती गुन्हा ठरते आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. सोफ्याच्या कापडासाठी मुक्या जनावराची बोटे कापण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये.

आजची स्थिती अशी आहे. सोफ्याचे दोन्ही हात दिवाळीपूर्वी नव्या कापडाने मढवून घेतले. सोफ्याच्या कारागिराला घट्ट विणीचे, लव असलेले मायक्रोफायबर कापड वापरायला सांगितले, कारण सैल विणीच्या, धागे उठून दिसणाऱ्या कापडात नख चटकन अडकते. त्यावर आजपर्यंत एकही ओरखडा नाही. बैठकीची पुढची कडा बंड्या अजून अधूनमधून धरतो, विशेषतः दोघांचा जेवणावरून तंटा झाला की. सासूबाईंची वेताची खुर्ची मात्र वाचवता आली नाही. वेताचे आकर्षण दोराहून मोठे ठरले, म्हणून ती आता आतल्या खोलीत, दार लावून ठेवलेली असते.

खांबाच्या मधल्या हातभर भागातला दोर पिंजून निघाला आहे आणि दिसायला वाईट दिसतो. पाहुण्यांसाठी म्हणून तो सगळा एकदम बदलू नये. त्याच पिंजलेल्या दोरात मांजरांचा वास मुरलेला असतो आणि नवाकोरा खांब त्यांना परका वाटतो. आम्ही उन्हाळ्यात वरचा अर्धा भाग नव्याने गुंडाळणार आहोत आणि खालचा अर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी. दोराचे नवे भेंडोळे आणून ठेवले आहे. ते सध्या खांबाशेजारीच उघडे ठेवले आहे, म्हणजे बांधण्यापूर्वी दोघांचे हुंगून होईल.